सोणाची पादत्राणं, आमचे बूट आणि हातातला मोबाईल



पहाटे पावणेपाचला जालना-मंठा रस्त्याच्या कडेला उभं राहिलं, की अंधारात आधी पावलांचा आवाज येतो आणि मग माणूस दिसतो. भरतीची पोरं धावत असतात. कुणाच्या अंगात गेल्या जयंतीच्या मिरवणुकीचा निळा टी-शर्ट, कुणाच्या पायात आठवडी बाजारातले बूट, आणि जवळपास प्रत्येकाच्या मुठीत मोबाईल. त्याचा टॉर्च चालू असतो. भोकरदन-जाफराबादपासून परतूर-घनसावंगीपर्यंत जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत हेच दृश्य आहे.

गेली काही वर्षं आम्हीही या पोरांबरोबर धावतो. सुरुवातीला त्यांना सोबत म्हणून गेलो आणि नंतर स्वतःची गरज म्हणून जाऊ लागलो. दिवसभर दाखले, अर्ज, पोलीस ठाणं, रुग्णालय यांत गेलेलं डोकं पहाटेच्या त्या पाऊण तासात ताळ्यावर येतं. पण हा लेख तब्येतीवर नाही. धावता धावता पाय, बूट आणि मोबाईल या तीन गोष्टींबद्दल जे सुचलं आणि जे आमच्या हातून चुकलं, ते मांडायचं आहे. चळवळीतल्या तरुणांनी यावर भांडावं, हीच अपेक्षा.

आपले पाय कुणाचे निरोप वाहायचे?

धावणं आपल्या समाजाला नवं नाही. गावगाड्यात महारकीची जी कामं होती, त्यांत निरोप पोचवणं हे मोठं काम होतं. मयताचा सांगावा घेऊन ऊन-पावसात गावोगाव जायचं, सरकारी कागद आणि सारा तालुक्याला पोचवायचा, अंमलदार आला की त्याच्या पुढे पळायचं. मोबदल्यात भाकरीचे तुकडे आणि बलुतं. आज आपण ज्याला संपर्क माध्यम म्हणतो, ते काम गावात आपल्या आज्या-पणज्याचे पाय करत होते. गावाचा मोबाईल आपणच होतो आणि त्याचं चार्जिंगही आपल्याच रक्तातून व्हायचं.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते या राबणुकीविरुद्धच. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. इथला कायदा वेगळा होता, पण सांगावा तोच आणि पायही तेच.

यातली खरी गोष्ट लक्षात घ्या. ज्यांनी साऱ्या गावाचे निरोप वाहिले, त्यांचा स्वतःचा निरोप वाहायला कुणी नव्हतं. म्हणून ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. पुढे १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' आलं. एक पत्र बंद पडलं की दुसरं उभं राहिलं. माध्यम आपल्या हातात असल्याशिवाय आपला निरोप पोचत नाही, हे बाबासाहेबांनी भाषणात सांगितलं नाही, करून दाखवलं.

धावण्याचा आणखी एक प्रसंग मराठवाड्याच्या अंगावर आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर गावोगाव आपल्या वस्त्या पेटल्या. आमच्या आधीची पिढी तेव्हा लेकरं काखेत घेऊन रात्रीच्या अंधारात ज्वारीच्या रानातून धावली. त्या धावण्याला ना घड्याळ होतं, ना अंतर. नामांतर व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं.

म्हणून आज पहाटे आपली पोरगी डांबरी रस्त्याच्या मधोमध स्वतःच्या मर्जीने धावते, तेव्हा ती फक्त व्यायाम करत नसते. हुकुमावरून नाही आणि भीतीपोटीही नाही, असं स्वतःसाठी धावणारी आपली ही बहुधा पहिलीच पिढी. हे विसरून धावण्याकडे पाहिलं, की ते रीलचा विषय होतं.

पाच मिनिटं दहा सेकंदांचं गणित

आता वर्तमानाकडे येऊ. जालन्याबद्दल 'जालना सोने का पालना' अशी म्हण आहे. इथे स्टीलचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, मोसंबीच्या बागा आहेत. पण आपल्या वस्तीतल्या पोराला या पाळण्यात जागा मिळते ती ठेकेदाराच्या हाताखाली, भट्टीपाशी. म्हणून त्याची नजर भरतीकडे असते. जिल्ह्यात राज्य राखीव दलाचा गट क्रमांक ३ आहे, पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. लहानपणापासून वर्दी डोळ्यांसमोर असते.

पोलीस भरतीत मैदानाला ५० गुण आहेत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. १६०० मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारलं तर २० पैकी २० गुण. मुलींना ८०० मीटरसाठी दोन मिनिटं पन्नास सेकंद. मैदानावर निम्मे गुण मिळाले तरच पुढचा विचार, आणि जागांच्या दहापट उमेदवारच लेखी परीक्षेला बोलावले जातात. २०२४ च्या भरतीत साडेसतरा हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांवर. म्हणजे साधारण शंभर अर्जांमागे एक वर्दी.

काही मित्र म्हणतात, उद्या आपल्याच मोर्च्यावर लाठी चालवणाऱ्यांत आपली पोरं कशाला घालता? आमचं उत्तर साधं आहे. इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची लष्कर भरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. बाबासाहेबांनीही हा प्रश्न सोडला नाही, आणि १९४१ मध्ये बेळगावला महार बटालियन पुन्हा उभी राहिली. बंद दारावर ज्यांनी तीन पिढ्या धडका दिल्या, त्यांच्या वारसांना दार उघडल्यावर आत जाऊ नका म्हणता येत नाही. आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघा. आई-वडील वीटभट्टीवर. बारावीनंतर तो सैन्यात गेला ते ५ महार बटालियनमध्ये, आणि धावपटू म्हणून घडला तो सैन्यात गेल्यावर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. आधी पोटाची सोय झाली, मग पाय मोकळे झाले.

पण शंभरातल्या नव्याण्णवांचं काय? ते परत येतात, पुढच्या जाहिरातीची वाट बघतात आणि वय निघून जातं. सैन्यातही २०२२ पासून अग्निवीर आला. चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होणार, बाकीचे घरी. त्या नव्याण्णवांचं धावणं वाया गेलं असं आपणच मानलं, तर पोरांना आपण फक्त लॉटरीचं तिकीट दिलं. धावण्यातून भरतीपलीकडचं काय उभं राहतं, हा चळवळीचा प्रश्न आहे.

बुटांची गोष्ट

भरतीच्या मैदानावर अलीकडे बऱ्याच ठिकाणी पायाला किंवा छातीला चिप लावून वेळ मोजतात. हे चांगलंच झालं. पूर्वी शिट्टीवाला आणि घड्याळवाला माणूस असायचा, आणि माणूस म्हटलं की ओळखपाळख आली. चिपला आडनाव कळत नाही. पण चिपला आणखीही बरंच काही कळत नाही. कोण रात्री बारापर्यंत गाड्या भरून आलाय, कोण कालवणाशिवाय भाकरी खाऊन आलाय, कोण शहरातल्या अकादमीत दोन वर्षं राहून आलाय, हे तिला दिसत नाही. माप सगळ्यांना सारखं असलं, तरी सगळे एकाच रेषेवरून निघालेले नसतात.

आमच्या गटात एक मुलगा होता. वडील गवंडी, आई खुरपायला. तो दोन वर्षं अनवाणी धावला. बूट नव्हते असं नाही. भावाचे होते, पण ते भरतीच्या दिवसासाठी जपून ठेवले होते. भरतीच्या दिवशी ते घातले आणि टाचेला फोड येऊन तिसऱ्या फेरीत तो मागे पडला. आम्ही त्याला 'बूट सरावाचे हवेत' हे सांगितलंच नव्हतं. आम्हाला वाटलं, त्याला अनवाणीच आवडतं.

तेव्हा आम्हाला विनयपिटकातली सोण कोळिवीसाची कथा आठवली. चंपा नगरीतल्या धनिकाचा हा मुलगा लाडात वाढलेला. भिक्खू झाल्यावर त्याने चंक्रमणाचा इतका ध्यास घेतला, की तळपाय फुटले आणि वाट रक्ताने माखली. बुद्धांनी त्याला वीणेचा दाखला दिला. तारा फार ताणल्या तरी सूर लागत नाही, फार सैल सोडल्या तरी लागत नाही. ही वीणेची गोष्ट आपल्याला विहारात ऐकून माहीत आहे. पुढची फारशी सांगितली जात नाही. बुद्धांनी सोणाला एकपदरी पादत्राणं वापरायची परवानगी दिली. सोण म्हणाला, मी ऐंशी गाड्या सोनं आणि हत्ती सोडून आलो, आता एकट्याने पादत्राणं घातली तर लोक म्हणतील हा त्यातच अडकला. संघाला परवानगी असेल तर मीही वापरेन. तेव्हा बुद्धांनी साऱ्या संघाला परवानगी दिली.

मित्रांनो, ज्या देशात पुढे शतकानुशतकं आपल्या माणसाला गावातून जाताना चप्पल काढून हातात घ्यावी लागली, त्याच देशात अडीच हजार वर्षांपूर्वी पादत्राणांचा निर्णय असा झाला होता: सगळ्यांना, नाहीतर मलाही नको. यापेक्षा सोपी समतेची व्याख्या आम्हाला सापडलेली नाही.

त्यानंतर आम्ही बुटांची पेटी सुरू केली. नोकरीला लागलेला प्रत्येक जण पहिल्या पगारातून एक जोड देतो. जोड कुणाच्या नावाचा नसतो, मापाचा असतो. सहा नंबर, सात नंबर, आठ नंबर. तीन महिने वापरायचा, भरती झाली की धुऊन परत द्यायचा. आजवर कुणी बूट पळवला नाही. दोन जोड फाटून परत आले, तेवढंच.

मोबाईलने काय दिलं, काय घेतलं

आता मोबाईल. चळवळीत याबद्दल दोन टोकाची मतं आहेत. जुनी माणसं म्हणतात, मोबाईलने पोरं बिघडली, फेकून द्या. नवे मित्र म्हणतात, आता रीलमधूनच क्रांती होणार. आम्हाला दोन्ही पटत नाहीत.

सप्टेंबर २०१६ नंतर जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि आपल्या वस्तीत खरंच काही बदललं. अकादमीची फी न परवडणाऱ्या पोराने गोळा कसा धरायचा, सुरुवातीची उडी कशी घ्यायची, हे यूट्यूबवर बघून शिकून घेतलं. जाहिरात कधी निघाली हे सांगणाऱ्या एखाद्याच्या मेहेरबानीवर राहावं लागत नाही. अत्याचार झाला तर व्हिडिओ असतो, आणि नुसत्या शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या यंत्रणेला तो बघावा लागतो. हे कमी नाही.

पण हाच मोबाईल जातीच्या हातात गेला की काय होतं, हेही महाराष्ट्राने पाहिलं. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या एका तरुणाच्या फोनवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि त्याचा खून झाला, ही बातमी आपण सर्वांनी वाचली. खिशातला फोन वाजला आणि जात उघडी पडली.

आमच्या गटात घडलेली गोष्ट इतकी मोठी नाही. पण ती आमच्या घरातली आहे, म्हणून सांगतो.

एक मुलगी गटात धावायला यायची. आपल्याच वस्तीतली. मुलींमध्ये वेळ सगळ्यात चांगली होती, ८०० मीटर तीन मिनिटांच्या आत यायला लागलं होतं. पोलीस दलात महिलांना तीस टक्के जागा आहेत, त्यामुळे तिच्यावर आमची मोठी आशा होती. एका सकाळी मोटारसायकलवरच्या कुणीतरी मागून तिचा व्हिडिओ काढला. त्याला घाणेरडं गाणं लावलं, खाली जातीवरून एक ओळ लिहिली आणि गावच्या ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत तो चार गावांत फिरला. संध्याकाळी तिचे वडील आमच्याकडे आले. म्हणाले, "दादा, पोरगी रस्त्यानं पळायली तवर ठीक होतं. आता मोबाईलमधी गावभर पळायली. उद्यापासून येणार नाही ती."

आम्ही धावाधाव केली. दोन्हीकडच्या जाणत्या माणसांना भेटलो, व्हिडिओ काढून टाकायला लावला. तक्रार द्यायची का, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. वडील नको म्हणाले. पोरीचं लग्न व्हायचंय, हे कारण. आम्ही त्यांच्यावर जोर केला नाही. बरोबर केलं की चूक, हे आजही ठरवता येत नाही.

पण आमची खरी चूक वेगळीच होती. तो व्हिडिओ निघायच्या तीन आठवडे आधी आम्हीच तिचा धावतानाचा फोटो आमच्या पेजवर टाकला होता. 'आपली वाघीण' असं वर लिहून, आणि खाली रस्त्याचं नाव आणि पहाटेची वेळ. तिला विचारलं नव्हतं. शिवाय तिच्या फोनमधलं धावण्याचं ॲप रोजचा रस्ता आणि वेळ सगळ्यांना दाखवत होतं. तिला ते ठाऊक नव्हतं, आम्हालाही नव्हतं. २०१८ मध्ये स्ट्राव्हा या ॲपच्या जागतिक नकाशावरून परदेशातले लष्करी तळ कुठे आहेत ते उघड झालं होतं, कारण तिथले सैनिक ॲप लावून धावत होते. सैन्याचे तळ जिथे लपत नाहीत, तिथे वस्तीतली एकटी मुलगी कशी लपेल?

दोन महिन्यांनी ती परत आली. यावेळी तिच्यासोबत तिची चुलत बहीण आणि वस्तीतल्या आणखी तिघी होत्या. पण त्या वर्षीचं मैदान तोवर होऊन गेलं होतं. आम्ही म्हणालो, व्हिडिओ काढून टाकला ना आपण. ती म्हणाली, "व्हिडिओ काढला दादा तुम्ही. दोन महिने कुठून आणणार?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तिचं वय अजून आहे. ती धावते आहे.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल, त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. व्हिडिओ पुढे पाठवू नका, 'निषेध' म्हणूनही नाही. लिंक, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आणि कुणाच्या नंबरवरून आला ते जपून ठेवा. मूळ फोन फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. जातिवाचक अपमान इंटरनेटवर केला तरी तो ॲट्रॉसिटी कायद्यात बसू शकतो, केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये असं म्हटलं आहे. आणि बौद्ध झालो म्हणून आपल्याला हा कायदा लागू नाही, असं कुणी ठाण्यात सांगितलं तर ऐकू नका. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जातीचा दाखला मात्र घरात तयार ठेवा.

सकाळचं मैदान, रात्रीचा मोबाईल

आमच्या गटात फक्त आपलीच पोरं नाहीत. मराठा आहेत, धनगर आहेत, वंजारी आहेत, मुस्लिम आहेत. भरतीची गरज सगळ्यांना सारखीच. एकमेकांच्या बाटलीतलं पाणी पितात, एकमेकांची वेळ मोजतात. बाबासाहेब ज्या सामाजिक अभिसरणाबद्दल बोलत, त्याचा एक छोटा तुकडा पहाटे त्या रस्त्यावर दिसतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि आपला जिल्हा देशभरच्या कॅमेऱ्यांपुढे आला. पुढच्या वर्षी त्याच तालुक्यातल्या वडीगोद्रीत ओबीसींचं उपोषण सुरू झालं. आरक्षणावर आमची मतं काय आहेत हा या लेखाचा विषय नाही. आम्ही मैदानावर काय पाहिलं ते सांगतो. पोरांचं पहाटेचं बोलणं कमी झालं. रात्री प्रत्येक जण आपापल्या जातीच्या ग्रुपवर, आपापल्या जातीची भाषणं ऐकत झोपायचा. सकाळी तीच पोरं एका रेषेवर उभी राहायची, पण नजर खाली घालून. कुणी कुणाशी भांडलं नाही. फक्त पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी झाली.

जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी सांगितलं. मोबाईल तेच काम रात्रीत करतो. तुम्ही काय बघता ते बघून तुम्हाला तसंच आणखी दाखवतो, कारण राग आला की माणूस जास्त वेळ बघतो आणि त्या वेळेवर कंपनीला जाहिरात मिळते. वेठबिगारीत पायांची मजुरी फुकट जात होती. आता आपल्या रागाची मजुरी फुकट जाते.

आम्ही काही मोठं केलं नाही. रविवारी धावून झाल्यावर अर्धा तास बसायचं आणि एक बातमी मोठ्याने वाचायची, असं ठरवलं. ग्रुपवरचा मेसेज नाही, छापील वर्तमानपत्रातली बातमी. पहिले दोन रविवार कुणी बोललं नाही. तिसऱ्या रविवारी दोघांची बाचाबाची झाली. आम्हाला बरं वाटलं. समोरासमोर भांडणारा माणूस दुसऱ्याचा चेहरा बघून थांबतो तरी. यातून जात गेली असा दावा आम्ही करत नाही. जयंतीच्या कमानीवरून गावात अजूनही तणाव होतो आणि त्यात गटातलीच दोन पोरं समोरासमोर उभी असतात. पण बाटली परत एक झाली.

माध्यम आपलं हवं

आपल्यातल्या कितीतरी पोरांनी टिकटॉकवर नाव कमावलं होतं. २९ जून २०२० ला सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली आणि एका रात्रीत सगळं गेलं. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा मुद्दा. जमीन दुसऱ्याची असली की घर एका रात्रीत जातं, हे भूमिहीनाच्या पोराला वेगळं सांगायला नको. स्वतःच्या जागेतलंही पाडलं जातं, हे आपण जून २०१६ मध्ये पाहिलं. दादरचं आंबेडकर भवन आणि त्यातला बुद्धभूषण प्रेस रात्रीच्या अंधारात जमीनदोस्त झाला. पण भवन पाडलं तेव्हा लोक रस्त्यावर आले, कारण ते सगळ्यांचं होतं. तुमचं पेज बंद पडलं तर कोण येईल?

म्हणून मोबाईल वापरू नका असं आम्ही म्हणत नाही. त्याच्यावर आपला हुकूम चालतो की त्याचा आपल्यावर, हे तपासा म्हणतो. आमच्या गटाने नियम केले आहेत. पटले तर घ्या, नाहीतर तुमचे करा.

धावताना सगळे मोबाईल एका पिशवीत, पिशवी एकाकडे. वेळ एका साध्या स्टॉपवॉचवर घ्यायची आणि वहीत लिहायची. कानात इयरफोन नाही. उसाच्या ट्रॉल्या आणि स्टीलचे ट्रक मागून येतात, आणि त्यांना तुमच्या गाण्याची पर्वा नसते. फोटो काढायचा तर ज्याचा आहे त्याला आधी विचारायचं, आणि रस्ता-वेळ कधीच टाकायची नाही. मुली एकट्या धावणार नाहीत, पण भीतीने घरीही बसणार नाहीत. आणि जो नोकरीला लागला, त्याने महिन्यातून एक रविवार तरी परत येऊन धावायचं.

त्या वहीबद्दल थोडं सांगतो. तिच्यात चार वर्षांच्या वेळा आहेत. कोण किती सेकंदांनी सुधारला, कोण आजारी होता, कुणाचे वडील वारले म्हणून आठ दिवस आला नाही. ज्यांना वर्दी मिळाली नाही त्यांचीही नावं आहेत. त्यांतला एक आज वस्तीतल्या शाळेच्या पोरांना संध्याकाळी पळवतो. एक अंगणवाडीच्या कामात ताईंना मदत करतो आणि अर्ज लिहून देतो. समता सैनिक दल उभं राहिलं तेव्हा बाबासाहेबांच्या डोळ्यांपुढे शिस्तीचे, एकमेकांच्या आधाराला उभे राहणारे तरुण होते. त्यात किती जणांना सरकारी नोकरी लागली, हे कुणी मोजलं नाही. आपण मात्र मोजताना फक्त वर्दी मोजतो.

शंभरातला एक पोलीस होईल, त्याचा आम्हाला अभिमान आहे. उरलेले नव्याण्णव वस्तीतच राहणार आहेत. पहाटे पाचला उठणारे, वेळ पाळणारे, दुसऱ्याचा बूट धुऊन परत करणारे, फोटो काढण्याआधी विचारणारे नव्याण्णव तरुण ज्या गावात असतील, त्या गावाला हात लावताना कुणीही दहा वेळा विचार करेल.

आपल्या आज्याचे पाय दुसऱ्यांचे सांगावे वाहून झिजले. आपल्या हातातला मोबाईलही रात्रंदिवस दुसऱ्यांचेच सांगावे वाहतो आहे. झोपण्यापूर्वी एकदा उघडून बघा, आज तुम्ही पुढे पाठवलेल्या दहा गोष्टींपैकी आपली किती होती? आणि उद्या पहाटे पावणेपाचला रस्त्यावर या. बूट नसले तरी या. पेटीत सात नंबरचा एक जोड शिल्लक आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!